वासोट्याच्या वाटेवर गवा

मी वीकेंडला ट्रेक लीड करतो. लोकांना वाटतं लीडर म्हणजे पुढे चालायचं आणि वर पोचलं की सगळ्यांचे फोटो काढायचे, बास. वासोटा किल्ल्यावर मात्र अर्धं काम घड्याळाकडे बघायचं असतं आणि उरलेलं लोकांना गप्प करायचं.

कारण तिथे जायलाच बोट लागते. साताऱ्याकडच्या बामणोलीहून शिवसागरातनं, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्यातनं, तास-दीड तास जायचं, मग पलीकडे मेट इंदवली लागते, गाव कधीच उठलंय, आता फॉरेस्टची चौकी आहे. हे सगळं कोयना अभयारण्य, 1985 सालचं, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. (किल्ल्याचं दुसरं नाव व्याघ्रगड, त्यामुळे वाघ दिसणार का हा प्रश्न दर बॅचला असतोच.) चौकीत सॅक उघडून प्लास्टिकच्या बाटल्या, पिशव्या मोजून लिहून घेतात, डिपॉझिट ठेवायचं, उतरल्यावर तेवढ्याच दाखवायच्या. मुक्काम नाही, अंधाराआधी बोटीत.

डिसेंबरातली बॅच होती. एकाचा ब्लूटूथ स्पीकर चौकीतच ठेवून घेतला तर गडी फुगून बसला, आणि ओढ्याजवळचे मारुती-गणपती मागे पडल्यावर स्वतःच गायला लागला. पुढे जंगल एकदम दाट होतं, अंजनी, जांभूळ, हिरडा, भर दुपारीसुद्धा वाटेवर ऊन नाही, पाचोळ्यात पाय वाजतो तेवढाच काय तो आवाज, आणि त्यात हा सिनेमातली गाणी म्हणतोय.

चढ सुरू होऊन तासभर झाला असेल, पुढे चालणाऱ्या मामांनी हात मागे करून थांबवलं. मामा तिथलेच, फार बोलत नाहीत. वर झाडात वानरं खाकरत होती. मला आधी वाटलं बिबट्या. मग वळणावर वीस-पंचवीस पावलांवर काळं काहीतरी हललं, आणि खाली पांढरे पायमोजे दिसले. गवा. मादी होती आणि तिच्या मागे तांबूस वासरू, म्हणजे प्रकरण अवघड. नुसता गवा असला तर तो बहुतेक वेळा आपणहून निघून जातो, पण वासरू बरोबर असताना तिला आपण अंगावर येतोय असं वाटलं की संपलं.

मामांनी खुणेनं सगळ्यांना हळूहळू मागे घेतलं, जाड खोडांच्या आड, आणि खाली बसवलं. पळायचं नाही, मोबाईल वर करायचा नाही. ती एकदा जोरात फुसकारली तेव्हा गाणारा पोरगा माझ्या सॅकचा पट्टा धरून बसला होता, इतका घट्ट की मला मान वळवता येईना. मागनं एक काका कुजबुजले, "शिट्टी मारा की, जाईल ती." मामांनी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. काका गप्प.

अर्धा तास गेला तसाच. माझं सगळं लक्ष घड्याळात, कारण एक वाजता असू तिथनं मागे फिरायचं हे मी बोटीतच सांगितलेलं, आणि लोक पैसे भरून आलेले असतात, माथा दिसला नाही तर खापर लीडरवरच. शेवटी ती वासराला घेऊन खालच्या कारवीत घुसली, काटक्या मोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, तो पार थांबल्यावरच मामा उठले.

वर पोचलो बारा चाळीसला. बिनछपराच्या मारुतीला नमस्कार करून थेट बाबुकड्यावर, समोर जुना वासोटा म्हणतात तो शेजारचा डोंगर, खाली कोकणात सरळ तुटलेला कडा. मला वाटलं होतं आज तरी ही मंडळी शांत बसतील. कसलं काय! पहिली आरोळी त्याच काकांनी ठोकली.

उतरताना वाटेत काही दिसलं नाही. चौकीत मोजणी झाली तर एक बाटली कमी, ती काकांनी वर टाक्यापाशी ठेवलेली. डिपॉझिट गेलं. ते पैसे मी बोट सुटायच्या आत काकांकडून वसूल केले.