साहेबाचा निर्णय चुकला की साहेबाची पद्धत चुकली?

अर्ज लिहून दे म्हणून कॉलनीतले, नात्यातले बरेच जण माझ्याकडे येतात, आणि जवळपास सगळ्यांच्या कागदात एक वाक्य असतंच, की आमच्यावर अन्याय झाला आहे. झालेला असतोच हो, त्यात मला शंका नाही. पण तो कोणत्या तारखेला, कोणी काय करायला पाहिजे होतं आणि केलं नाही म्हणून झाला, हे कुठेच नसतं, मग तिकडून उत्तर येतं 'नियमानुसार कार्यवाही करण्यात आली आहे', झालं, तक्रार निकाली.

माझा चुलतभाऊ इंग्लंडमध्ये राहतो, त्याच्यामुळे मला तिकडच्या ओम्बड्समनचे निकाल वाचायची सवय लागली. तिथे काउन्सिलबद्दलच्या, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या संस्थेबद्दलच्या, तक्रारी ऐकायला एक वेगळा माणूस आहे, लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन असं लांबलचक नाव, १९७४ च्या कायद्याने आला. फी नाही, वकील लागत नाही. अट एवढीच की आधी काउन्सिलकडे तक्रार करा, त्यांना उत्तर द्यायची संधी द्या, आणि गोष्ट कळल्यापासून साधारण १२ महिन्यांच्या आत या.

मग तो दोनच गोष्टी बघतो. काउन्सिलच्या वागण्यात दोष होता का, आणि त्या दोषामुळे या माणसाचं काही नुकसान झालं का. दोन्ही पाहिजेत. नुसता निर्णय आवडला नाही म्हणून तो बदलून देत नाही. समजा शेजाऱ्याला वरचा मजला चढवायची परवानगी मिळाली आणि तुमच्या खिडकीतला उजेड गेला, तर ओम्बड्समन ती परवानगी रद्द करत नाही, तो बघतो की तुमची हरकत अधिकाऱ्याच्या रिपोर्टमध्ये आली होती का, तिचा विचार केल्याचं कुठे लिहिलंय का, जागेवर कोणी गेलं होतं का. हे सगळं नीट झालं असेल तर तुम्ही कितीही ओरडा, दोष नाही. आणि झालं नसेल तर काउन्सिल कितीही मोठी असू द्या, दोष आहे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे अपुरं वाटलं होतं, म्हणजे उजेड तर गेलाच नं. पण निकाल वाचत गेलो तशी त्याची ताकद कळली. तक्रारदाराचं नाव झाकलेलं, मिस्टर एक्स किंवा मिस वाय, काउन्सिलचं नाव मात्र उघड. एकेक परिच्छेदाला नंबर. तक्रारदाराने कधी कळवलं, काउन्सिलच्या नोंदीत त्याचं काय आहे, नियम काय म्हणतो, प्रत्यक्षात काय झालं. कचऱ्याची गाडी वारंवार चुकवते एवढ्याशा गोष्टीवरही असा निकाल असतो, आणि शेवटी काय, तर माफी मागा, थोडे पैसे द्या, पुढचे काही आठवडे गाडी येते की नाही यावर लक्ष ठेवा. फायनल करायच्या आधी मसुदा दोघांनाही दाखवतात, कोणाला काही म्हणायचं असेल तर म्हणा. कागद मागवायचे आणि साक्षीला बोलवायचे अधिकार त्याला हायकोर्टासारखे आहेत, पण शिफारस बंधनकारक नाही. तरी काउन्सिल जवळपास नेहमीच ऐकतात, कारण नाही ऐकलं तर पुन्हा रिपोर्ट निघतो आणि गावभर होतं.

आता आपल्या नागपूरचं बघा. लाइटच्या बिलाचं भांडण असेल तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, तिथेही नाही पटलं तर २००३ च्या वीज कायद्याखाली विद्युत लोकपाल आहेत आणि ते इथे नागपुरातच बसतात. बँकेसाठी रिझर्व्ह बँकेची व्यवस्था आहे. पण गडरलाइन, रस्ता, बांधकाम परवानगी, घराचा टॅक्स, म्हणजे जिथे सामान्य माणसाचा रोजचा संबंध, त्यासाठी खास असा माणूस नाही! सेवा हक्क कायदा २०१५ चा आहे, चांगला आहे, मुदतीत दाखला नाही मिळाला तर अपील करता येतं आणि अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो, पण तो अधिसूचित, म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेल्या, सेवांपुरता. लोकायुक्त आहेत, १९७१ च्या कायद्याने आलेले, पण मुंबईला, मंत्रालयासमोर, आणि सगळ्या राज्याच्या सगळ्या खात्यांचा भार त्यांच्यावर. केरळने २००० साली पंचायती आणि नगरपालिकांच्या तक्रारींसाठी वेगळा ओम्बड्समन नेमला, मग आपल्याकडे काहून नाही?

ही मधली पायरी नसली की काय होतं ते आपण बघितलंय. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी घराघरात शिरलं, आणि त्यानंतर लोकांना जनहित याचिका घेऊन थेट हायकोर्टात जावं लागलं. कोर्टाने लक्ष घातलं ही चांगलीच गोष्ट. पण ज्याच्या एकट्याच्याच घरासमोर पाणी तुंबतं त्याने काय करायचं, तो कुठे याचिका करत बसेल.

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते म्हणजे अर्ज असा लिहिणं की जणू तो ओम्बड्समनच वाचणार आहे. माझे एक मामा आहेत, त्यांचं प्रकरण कुठल्या हापिसचं ते इथे लिहीत नाही. प्लास्टिकच्या थैलीत सगळे कागद घेऊन आले आणि म्हणाले, "अर्ज तर दिला होता नं बाप्पा, मग काहून उत्तर नाही देत हे लोक?" आम्ही दिवाणावर कागद तारखेप्रमाणे मांडले. एका अर्जाच्या ओसीवर, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, शिक्का होता पण आवक नंबर नव्हता, एका स्मरणपत्राची पोचच नव्हती, आणि जे एक उत्तर आलं होतं ते मामांनी विचारलेल्या प्रश्नाचं नव्हतंच, दुसऱ्याच कुठल्या अर्जाचं असावं असं. मामा इतके दिवस साहेब वाईट आहे म्हणत होते, आणि खरा मुद्दा या कागदात होता. मग त्यांचा चार पानी अर्ज बाजूला ठेवला आणि एक पानाचा केला. अमुक तारखेला अर्ज दिला. अमुक तारखेला पाहणी होईल असं सांगितलं. पाहणी झाली का, झाली असेल तर अहवालाची प्रत द्या, नसेल तर का नाही ते लेखी कळवा. सोबत १० रुपयांचा माहिती अधिकाराचा वेगळा अर्ज, फाइलवरच्या टिपणीसाठी, त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि लोकायुक्तांकडे जायचा विचार असेल तर १९७१ च्या कायद्यात गाऱ्हाण्यासाठी तिथेही साधारण १२ महिन्यांचीच मुदत आहे, भ्रष्टाचाराचा आरोप असेल तर ३ वर्षं, त्यामुळे थैलीतला सगळ्यात जुना कागद आधी काढून बघा, आणि हापिसातून निघताना ओसीवर आवक नंबर पडलाय की नाही ते तिथल्या तिथेच बघून घ्या, बाबू नंतर टाकतो म्हणाला तरी थांबा.