आमची वाटचाल : काजळीपासून नॅनोकणांपर्यंत

आमच्याकडे रबराचे सील, रोलर, डायफ्रॅम (लवचीक पडदे) आणि पंपांची लाइनिंग (आतलं अस्तर) तयार होतात. सुरुवातीची काही वर्षं आम्ही तयार कंपाउंड, म्हणजे इतर घटक मिसळलेलं कच्चं रबर, विकत घेऊन फक्त मोल्डिंग करत होतो. माल चांगला निघायचा, पण एखाद्या ग्राहकाने "वाळूच्या पाण्यात लाइनिंग लवकर झिजतंय, काही करता येईल का?" असं विचारलं की उत्तर आमच्या हातात नसायचं. कंपाउंडमध्ये काय काय पडलंय हेच ठाऊक नसेल, तर त्यात बदल तरी काय सुचवणार? म्हणून मिक्सिंग स्वतःकडे घेतलं. आधी दोन रोलांची मिल आली, मग नीडर (बंद भांड्यात रबर मळणारं यंत्र), आणि पाठोपाठ रबर कसं आणि किती वेळात पक्कं होतं ते मोजणारा रिओमीटर. कर्ज काढून घेतलेल्या यंत्रांपैकी सर्वांत जास्त शिकवलं ते रिओमीटरने.

रबरात नॅनोकण नवे नाहीत. टायर ज्याच्यामुळे काळा असतो त्या कार्बन ब्लॅकच्या एन३३० ग्रेडचा मूळ कण साधारण ३० नॅनोमीटरचा असतो, आणि असे कण एकमेकांत वितळून जुळलेल्या झुबक्यांच्या रूपात राहतात. एसबीआर हे कृत्रिम रबर फिलरशिवाय (बळकटी देणाऱ्या भुकटीशिवाय) क्युअर केलं, म्हणजे उष्णतेने पक्कं केलं, तर ताण सहन करण्याची त्याची ताकद जेमतेम २-३ मेगापास्कल भरते. योग्य ब्लॅक नीट मिसळला की ती २० च्या पुढे जाते. कण जितका बारीक, तितका रबराला धरायला पृष्ठभाग जास्त. अडचण अशी की बारीक कण एकमेकांनाही तितक्याच घट्ट धरून बसतात. त्यांना सोडवून रबरभर सारखं पसरवणं, हेच आमचं काम. महागडा फिलर कोणीही विकत आणू शकतो. तो पसरवण्याची शिस्त मात्र कारखान्यातच लावावी लागते.

ही शिस्त खरी लागली सिलिका या पांढऱ्या फिलरने. मिशलिनने १९९२ मध्ये सिलिकाचा टायर बाजारात आणला, तेव्हापासून या फिलरकडे सगळ्या रबर उद्योगाचं लक्ष गेलं. सिलिकाच्या कणावर हायड्रॉक्सिल गट असतात, त्यामुळे त्याचं रबराशी जमत नाही. मध्ये सिलेन नावाचं रसायन लागतं, जे एका टोकाने सिलिकाला आणि दुसऱ्या टोकाने रबराला बांधतं. हे बांधकाम मिक्सिंगमध्येच व्हावं लागतं, साधारण १४० ते १५५ अंशांच्या दरम्यान. त्याखाली ते अर्धवट राहतं. १६० च्या वर गेलं की सिलेनमधलं गंधक वेळेआधीच रबर जोडायला लागतं आणि बॅच स्कॉर्च होते, म्हणजे साच्यात जाण्याआधीच पक्की व्हायला लागते. नीडरचं झाकण उघडलं की अल्कोहोलचा वास येतो. तो यायलाच हवा, कारण प्रक्रिया चालू असल्याची ती खूण आहे. पण त्यासाठी वाफ ओढून घेणारी व्यवस्थाही चोख हवी. शिवाय सिलिका अॅक्सिलरेटर, म्हणजे क्युअरचा वेग वाढवणारं रसायन, शोषून घेते, क्युअर लांबतो. रिओमीटरच्या आलेखावर हे लगेच दिसतं, मग डीपीजी या जोडीच्या अॅक्सिलरेटरचं प्रमाण जुळवावं लागतं.

बॅच थंड झाली की आमचा मिक्सिंगवाला ब्लेडने ताजा काप घेतो आणि भिंगाखाली धरतो. काप एकसारखा, नितळ दिसला तर बॅच पुढे जाते. कुठे पांढुरका ठिपका दिसला तर थांबते, कारण वापरात चीर जाते ती अशाच न फुटलेल्या गुठळीपासून. यंत्रावरची तपासणी आहेच, पण ही सवय आम्ही सोडलेली नाही. पंपाच्या त्या झिजणाऱ्या लाइनिंगचं उत्तर याच वाटेने मिळालं: नैसर्गिक रबर, सिलिका, सिलेन आणि तापमानावर नजर.

नॅनोक्ले, म्हणजे अतिपातळ थरांची माती, आम्ही घेतली ती वायू रोखणाऱ्या डायफ्रॅमसाठी. तिचा एकेक थर सुमारे १ नॅनोमीटर जाडीचा आणि त्या मानाने खूप रुंद. पत्त्यांची गड्डी सरकवून पसरावी तसे हे थर रबरात सुटे झाले, की वायूला वळसे घेत जावं लागतं आणि गळती कमी होते. थर सुटे झालेच नाहीत, तर ती साधी माती. नायट्राइल रबरात थोडी क्ले, सोबत नेहमीचा ब्लॅक, अशी जोडी आम्हाला जमली.

कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, आम्ही अँटिस्टॅटिक (स्थिर वीज साठू न देणाऱ्या) रोलरसाठी वापरतो. अगदी थोड्या प्रमाणातही त्या विजेला वाट करून देतात, म्हणून रोलर फार कडक न करता काम होतं. मात्र सुटी भुकटी आमच्या दारात येत नाही. एका प्रकारच्या मल्टिवॉल (अनेक भिंतींच्या) नॅनोट्यूबला आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २बी, म्हणजे माणसात कर्करोगाची शक्यता असलेल्या गटात ठेवलं आहे. कामगाराच्या श्वासात ती जावी इतकं मोलाचं कुठलंच कंपाउंड नाही. आम्ही फक्त मास्टरबॅच, म्हणजे नॅनोट्यूब आधीच मिसळून आलेला माल, घेतो, मग भाव थोडा चढा पडला तरी चालेल.

ग्राहकांना आम्ही हेही स्पष्ट सांगतो की साध्या गॅस्केटला, बफरला यातलं काहीच लागत नाही. एन५५० ग्रेडचा ब्लॅक आणि नीट मिक्सिंग पुरतं. गरज नसलेला फिलर घालून बिल वाढवायचं काम आम्ही घेत नाही.

सध्या झिंक ऑक्साइडवर काम चालू आहे. हा फिलर नव्हे, क्युअर नीट व्हावा म्हणून तो १०० भाग रबराला साधारण ५ भाग घालण्याची रीत आहे. पण जस्त पाण्यातल्या जीवांना घातक, म्हणून ते कमी करायचंय. नॅनो ग्रेडचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे कमी प्रमाणातही क्युअर व्यवस्थित येतोय. कॉम्प्रेशन सेटचे (दाबून ठेवलेलं रबर किती कायमचं चपटं राहतं ते पाहण्याचे) नमुने १०० अंशांवर ७० तासांसाठी ओव्हनमध्ये लावले आहेत. आकडे जुन्या सूत्राच्या बरोबरीने आले तर सीलचं सूत्र बदलू, नाहीतर सध्या ५ भागच राहतील.