वहीच्या मागच्या पानावरचे दीडशे तास

भाचीचा पसंतीक्रम भरायला परवा भावाकडे फर्मागुढीला गेले होते. बाहेर पाऊस धो धो, लाईट दोनदा गेली. आयआयटीचे प्रवेश जिथून होतात त्या ‘जोसा’च्या पोर्टलवरचे गेल्या वर्षीचे क्लोजिंग रँक, म्हणजे शेवटची जागा ज्या रँकला मिळाली ते, आम्ही दोघी वहीत उतरवत होतो. आयआयटी तीच, शाखा तीच, पण ओळी दोन: ‘जेंडर-न्यूट्रल’ आणि ‘फिमेल-ओन्ली’. दुसऱ्या ओळीतला रँक बराच खालचा. तिथे तिचं पेन थांबलं.

“आत्या, ह्यातून मिळाली तर सगळे म्हणतील, मुलगी म्हणून मिळाली.”

शेजारचे काका सकाळीच तसं बोलून गेले होते. त्यांच्या मुलाचा रँक हिच्यापेक्षा वरचा. पोरगा खरोखर कष्टाळू आहे, त्याचं वाईट मलाही वाटतं. पण त्याची जागा कुणी घेतलेली नाही. आयआयटीत पूर्वी शंभरात आठ-नऊच मुली असायच्या. म्हणून 2018 पासून त्यांच्यासाठी जागा वाढवल्या. मुलींचं प्रमाण त्या वर्षी 14 टक्के, 2019 ला 17 आणि 2020 ला 20 टक्क्यांवर न्यायचं ठरलं. ह्या जागा अधिसंख्य, म्हणजे होत्या त्यांच्यावर जादा. शिवाय जेईई ॲडव्हान्स्ड ह्या आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत पात्र झाल्याशिवाय त्यातली एकही मिळत नाही.

हे सगळं तिला माहीत होतं. तरी पेन हलेना.

मग मी विचारलं, क्लासमधून तू रोज किती वाजता उठायचीस? पणजीचा क्लास आठला सुटायचा. शेवटचा अर्धा तास शंका विचारायचा. काकांचा मुलगा बाईकवर, तो थांबायचा. ही साडेसातला दप्तर उचलून कदंबा स्टँडकडे धावायची, कारण उशिराच्या बसने एकटीने यायचं नाही हे घरात ठरलेलं. आठवड्याचे तीन दिवस, अर्धा अर्धा तास. दोन वर्षांचे शंभर आठवडे धरले तर दीडशे तास. वहीच्या मागच्या पानावर मी तो हिशेब मांडून दाखवला.

भाऊ समोरच बसला होता. 1993 ला बारावीत माझे गणिताचे मार्क त्याच्या आदल्या वर्षीच्या मार्कांपेक्षा जास्त होते. तो इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात गेला. 2016 साली आयआयटी गोवा सुरू झाली तीही त्याच आवारात. मला बाबांनी फॉर्मच आणू दिला नाही. प्रॅक्टिकल संपायला संध्याकाळ होते, म्हणाले. मी बीएस्सी केलं आणि आज गणित शिकवते. कुठल्याही मेरिट लिस्टवर माझं नाव वर किंवा खाली लागलंच नाही, कारण माझा प्रवेश आमच्या स्वयंपाकघरातच अडला होता.

भावाने वही ओढून घेतली, तो हिशेब वाचला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बाय, दोन्ही ओळींतले रँक लिही. एकही सोडू नको.”

तिने लिहिले. रात्री साडेदहाला यादी लॉक केली.