२६ जुलैची रात्र आणि आजींची वही

डोंबिवलीत पाळणाघर चालतं ते लोकलच्या वेळापत्रकावर. सकाळी साडेसहापासून मुलं यायला लागतात, संध्याकाळी साडेसातपर्यंत निम्मी जातात, साडेआठला शेवटचं. आजींकडे मी मदतनीस होते. घरमालकीण, स्वयंपाकीण, हिशेबनीस, सगळं आजीच. त्यांची सख्खी नातही त्याच मुलांत वाढत होती आणि तिलाही सगळ्यांइतकीच खिचडी मिळायची. आजी गेल्या तेव्हा त्यांच्या मायेबद्दल सगळे भरभरून बोलले. ते खरंच आहे. पण हे काम करणाऱ्या बाईला आठवते ती त्यांची वही, आणि २६ जुलै २००५ची रात्र.

मंगळवार होता. दुपारी दोननंतर अंधारून आलं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे नंतर कळलं. आम्हाला दिसत होतं ते एवढंच की स्टेशनकडून माणसं येणं थांबलंय. आजींनी आधी पाणी धरलं. वीज जाणार, पंप बंद पडणार, गच्चीवरची टाकी संपणार, हे त्यांनी गृहीतच धरलं. कळश्या, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवले. पिण्याचं पाणी फडक्यातून गाळून खळखळ उकळलं आणि झाकून त्याच पातेल्यात गार केलं. उकळलेलं पाणी ओल्या हंड्यात ओतलं की उकळण्याचा उपयोगच संपतो, आणि घरोघरी नेमकं तेच होतं.

वीज गेली, फोन गेला. घरात अकरा मुलं. सर्वांत धाकटं बाळ आठ महिन्यांचं, सर्वांत मोठी मुलगी दुसरीतली.

दूध जेमतेम लिटरभर उरलं होतं आणि फ्रिज बंद. ते फक्त दोन वर्षांखालच्या मुलांना, असं आजींनी ठरवून टाकलं. पातेलं परातीतल्या पाण्यात ठेवायचं, दर तीन तासांनी उकळी आणायची, उष्टं दूध परत त्यात ओतायचं नाही. बाळाच्या पावडरीचा डबा तळाला गेला होता. अशा वेळी पावडर तेवढीच आणि पाणी थोडं जास्त, असं करून डबा पुरवायचा मोह होतो. आजींनी तो होऊ दिला नाही. त्या डब्यावर तीस मिली पाण्याला एक सपाट चमचा लिहिलं होतं. तेवढाच, सुरीच्या पाठीनं सपाट केलेला. पातळ दुधानं पोट भरल्यासारखं वाटतं, बाळ तासाभरात पुन्हा रडतं, आणि जास्तीच्या पाण्यानं तान्ह्याच्या अंगातल्या क्षारांचा तोल बिघडतो. त्याऐवजी एका वेळचं दूध वगळून त्यांनी मऊ वरणभात तूप घालून घोटून भरवला. नुसत्या वरच्या पाण्यात काही नसतं, डाळ पोटात गेली पाहिजे, हे त्या एरवीही प्रत्येक आईला ऐकवायच्या.

बाकीच्यांना खिचडी. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, हिंग, हळद, मीठ, तिखट नाही; पाणी नेहमीपेक्षा दोन वाट्या जास्त, म्हणजे दीड वर्षाच्या मुलालाही गिळता येते. गॅसचा सिलिंडर असल्यामुळे स्वयंपाक अडला नाही. अडले ते लंगोट. पावसाळ्यात ते दोन दिवस वाळत नाहीत आणि आमची सगळी भिस्त इस्त्रीवर. शेजारणीनं कोळशाची शेगडी देऊ केली. बंद खिडक्यांच्या खोलीत निखारे नकोत, त्यातून निघणाऱ्या विषारी वायूचा वासही येत नाही आणि झोपलेलं मूल उठत नाही, म्हणून आजींनी ती दारातूनच परत केली. जुनं नऊवारी काढून टराटरा फाडलं.

साडेसात वाजले आणि रडारड सुरू झाली. रोज ज्या वेळी बेल वाजते ती वेळ मुलांना घड्याळाशिवाय कळते. ‘आत्ता येईल हं आई’ असं म्हणायची मला बंदी होती. आजी सगळ्यांना समोर बसवून म्हणाल्या, ‘गाड्या बंद आहेत. आई-बाबा ऑफिसात आहेत. आज आपण सगळे इथेच झोपायचं.’ दोन-तीन मुलं आणखी जोरात रडली, पण दाराशी जाऊन बसायची थांबली. खोटी आशा लावली की मूल दर जिन्याच्या आवाजाला उठतं.

वहीत प्रत्येक मुलाचं एक पान होतं. महिन्याच्या एक तारखेचं वजन: आधी मुलाला कडेवर घेऊन, मग एकटीचं, वजाबाकी. काय सोसत नाही. कशानं झोपतं: कुणाला पाठीवर थोपटलेलं लागतं, कुणाला ओढणीचं टोक. न्यायला कोण येऊ शकतं. आणि डॉक्टरांची चिठ्ठी डिंकानं चिकटवलेली. रात्री दहाला तीन वर्षांच्या एका मुलाला ताप चढला. वजन बारा किलो. किलोला पंधरा मिलिग्रॅम या हिशेबानं चिठ्ठीत पॅरासिटामॉल सात मिली लिहिलेलं, पाच मिलीत १२५ मिलिग्रॅमच्या बाटलीतलं. बाटली २५०ची असती तर तेच सात मिली दुप्पट झाले असते. म्हणून आजींनी कंदिलाजवळ नेऊन लेबल वाचलं, औषध मापाच्या झाकणानंच दिलं आणि पानावर वेळ टाकली, म्हणजे पहाटे कुणी आलं तर पुन्हा पाजायला नको.

मेणबत्त्या पाणी घातलेल्या ताटात, ताट फडताळावर. मोठी मुलं मच्छरदाणीत आडवी, डोकी भिंतीकडे. लहान बाळं त्यांच्यापासून लांब, पाठीवर, उशीशिवाय. मोठं मूल झोपेत लोळतं, त्याला शुद्ध नसते. आम्ही पाळीपाळीनं जागलो.

पहाटे एक बाबा आले, ठाण्याहून कळवा-मुंब्र्यामार्गे रुळांवरून चालत, साधारण पंधरा किलोमीटर. त्यांच्याबरोबरचे गृहस्थ दुसऱ्या एका मुलीला न्यायला तयार होते. तिच्या वडिलांचे मित्र, आडनाव-पत्ता सगळं बरोबर सांगत होते. नाव पानावर नव्हतं. आजींनी त्यांना चहा दिला, मुलगी दिली नाही. ते रागावून गेले. मुलीची आई दुपारी आली.

ऑगस्टच्या एक तारखेला आजींनी नियम वाढवले. चालत येता येईल इतक्या अंतरावरच्या एका माणसाचं नाव आणि फोटो, न फोडलेला पावडरचा डबा, कपड्यांचे दोन जोड. फी तीच ठेवली. त्या रात्रीच्या दुधाचे पैसे मात्र प्रत्येकाकडून मोजून घेतले.