उत्तरेच्या भिंतीवर रंग: सावलीतल्या वेलींची नोंद

बडोद्यात दांडिया बाजारच्या बाजूला आमचं घर. घराच्या उत्तरेला भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये चार हात रुंद पट्टा आहे. सावलीची जागा म्हणून तिथे आजवर फक्त मनी प्लांट आणि नेचे. यंदा त्या भिंतीवर रंगीत वेलीच चढवायच्या असं ठरवलं.

नर्सरीत जाण्याआधी खडू घेतला. जानेवारीपासून दर महिन्याच्या २१ तारखेला ऊन भिंतीवर कुठवर येतं तिथे रेघ मारत गेले. मार्चपर्यंत भिंत कोरी. एप्रिलपासून सकाळचं तिरपं ऊन पूर्वेच्या टोकाकडून आत शिरलं, मेच्या मध्यावर साधारण साडेदहापर्यंत टिकू लागलं. बडोदं साधारण २२.३ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली. त्यामुळे जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेकडे असतो. पश्चिमेला शेजारचा कडुलिंब आहे म्हणून बरं, नाहीतर मे महिन्याचं दुपारचं ऊन याच भिंतीवर आलं असतं. थोडक्यात, ही जागा हिवाळ्यात पूर्ण सावलीची आणि उन्हाळा-पावसाळ्यात अर्ध्या सावलीची.

निवड इथेच सोपी झाली. हिवाळ्यात फुलणारी वेल या भिंतीला नको, कारण फुलायच्या वेळी तिला उजेडच मिळणार नाही. म्हैसूर थनबर्जियाचे पिवळ्या-तपकिरी फुलांचे लोंबते घोस मला फार आवडतात, पण तिचा बहर हिवाळ्यातून उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. ती पूर्वेच्या फाटकावर जाईल. बोगनवेल आणि मधुमालती तर सरळ बाद. सावलीत लावली की त्या उजेड शोधत वर पळतात आणि सगळी फुलं गच्चीच्या वर. आमच्या मागच्या काकूंकडे अगदी हेच झालंय. त्या म्हणाल्या, "अगं, वेल माझ्या दारात आणि फुलं वरच्या मजल्यावरच्यांना!"

फुलांसाठी निवडली क्लेरोडेंड्रम थॉमसोनी. नर्सरीवाले हिला ब्लीडिंग हार्ट म्हणतात. मूळची पश्चिम आफ्रिकेची. उष्ण, दमट हवेत फुलते आणि हिचा बहर उन्हाळा-पावसाळ्यातला, म्हणजे माझ्या खडूच्या रेघांशी बरोबर जुळणारा. पहिला घोस जुलैत आला. आधी पांढऱ्या, पाच कोनांच्या कागदी कंदिलासारखे कोष दिसतात, मग प्रत्येकाच्या तोंडातून गडद लाल फूल बाहेर येतं आणि त्यातून लांब केसर. लाल फूल थोड्याच दिवसांत गळतं, पण तो पांढरा कोष राहतो आणि हळूहळू गुलाबी-जांभळा होत जातो. एकाच घोसात पांढरा, लाल आणि जांभळा असे तिन्ही रंग असतात. सावलीसाठी हा गुण फार मोलाचा आहे: फुलं मोजकी आली तरी कोषांमुळे रंग कितीतरी आठवडे दिसत राहतो.

ही वेल स्वतः गुंडाळत चढते, म्हणून भिंतीपासून वीतभर अंतर सोडून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार ताणली. मागे हवा खेळती राहते आणि कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण बसला तर दिसतो. दिसला की पाण्याचा जोरदार फवारा, मग निंबोळी तेल. शेणखत मात्र हात राखून द्यायचं. जास्त झालं की नुसती पानं.

पट्ट्याचं पश्चिमेचं टोक सर्वात अंधारं. तिथे फुलांचा हट्ट धरण्यात अर्थ नाही, तिथे रंग पानांनीच द्यायचा. सिसस डिस्कलर लावली. ही द्राक्षाच्या कुळातली, सह्याद्रीतल्या जंगलातही पावसाळ्यात भेटते. मखमली हिरवं पान, शिरांच्या मधे चांदीसारखे पट्टे आणि पान उलटलं की वाइनसारखा लाल-जांभळा रंग. तिचे तणावे लाल, दोऱ्याएवढे बारीक. त्यांना जाड दांडा पकडता येत नाही, म्हणून मासे धरायच्या जाळीसारखी नायलॉनची जाळी लावली. मे महिन्याच्या कोरड्या वाऱ्यात हिच्या पानांच्या कडा करपतात. खाली विटांचा चुरा घालून तो ओला ठेवला आणि पश्चिमेकडून गोणपाट बांधलं, तेवढ्यावर निभावलं. पावसाला सुरुवात झाल्यावर तिने जी झेप घेतली ती बघण्यासारखी होती. थंडीत ती पानं गाळून विश्रांती घेते, तेव्हा पाणी अगदी कमी.

गुलाबी पानांचं सिंगोनियम मधल्या भागात, काथ्या गुंडाळलेल्या खांबावर. याची मुळं खांबाला धरतात, पण ऑइल पेंटच्या गुळगुळीत भिंतीला नाही. याला फार अंधारात ठेवलं की गुलाबी जाऊन हिरवं होतं. पांढऱ्या ठिपक्यांच्या मनी प्लांटचंही तेच: पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणून उजेड कमी पडला की हिरव्या पानांच्या फांद्या जोर धरतात. अशी पूर्ण हिरवी फांदी दिसली की लगेच खुडते. पोपटी निऑन मनी प्लांट या बाबतीत जरा खमका, पण फार अंधारात त्याचाही पोपटी रंग मंदावतो. अर्ध्या सावलीच्या कोपऱ्यात दिवा लावल्यासारखा तोच उठून दिसतो.

आता ऑक्टोबर. उन्हाने भिंत सोडली, क्लेरोडेंड्रमवर शेवटचे दोन घोस आहेत, दोन्ही जांभळ्या अवस्थेत. पाणी कमी करायला घेतलंय. छाटणी फेब्रुवारीअखेर करणार, कारण फूल नव्या फुटीवर येतं. त्याच काड्या वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांत लावून भिंतीचा उरलेला पूर्वेचा भाग भरायचा आहे.