२० नंबरची पोर्शे: बॉडीला रंग लागला, आता इंजिन

पोर्शे ९१७ के या शर्यतीच्या गाडीचं छोटं प्लॅस्टिक मॉडेल मी जोडतोय, त्याच्या बॉडीला एकदाचा निळा रंग लागला. मागच्या नोंदीपर्यंत ती करड्या प्रायमरमध्येच, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरातच होती. भर पावसाळ्यात लॅकर जातीच्या रंगाला हात लावू नका असं बऱ्याच जणांनी बजावलं होतं, आणि त्यात तथ्य आहे. डोंबिवलीच्या जुलैत हवा इतकी दमट असते की थिनर उडताना गार पडलेल्या रंगावर लगेच बाष्प धरतं आणि सगळ्या बॉडीवर पांढरट झाक येते. मी थिनरमध्ये रिटार्डर, म्हणजे थिनर सावकाश उडू देणारं द्रव्य, वाढवला, थर अगदी पातळ ठेवले आणि प्रत्येक थरानंतर बॉडी पत्र्याच्या पेटीत बल्बच्या उबेला ठेवली. बल्ब आणि बॉडी यांच्यात चांगलं वीतभर अंतर हवं, नाहीतर प्लॅस्टिक वाकतं. आजूबाजूच्या चार घरांत कपडे वाळत नव्हते त्या आठवड्यात रंग मात्र काचेसारखा सुकला.

पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. किट १/२४ आहे, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढं, आणि गाडी १९७१च्या ‘ले माँ’ चित्रपटातली, २० नंबरची. फ्रान्समधल्या ले माँच्या २४ तासांच्या मोटारशर्यतीवरचा हा चित्रपट. तीच का, याचं उत्तर एकच: त्यातला नायक, अमेरिकन नट स्टीव्ह मॅक्क्वीन. शाळेत असताना मामाकडे भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर हा चित्रपट पाहिला. इंग्रजी समजत नव्हतं, पण अडलं काहीच नाही, कारण पहिला अर्धा तास मॅक्क्वीन जवळजवळ तोंडच उघडत नाही. तो गाडीत बसतो, पट्टे आवळतो, समोर बघत राहतो. बोलतात ती इंजिनं. शर्यत सुरू होण्याआधी नुसते हृदयाचे ठोके ऐकू येतात आणि मग सगळ्या गाड्या एकदम सुटतात. त्या दिवसानंतर गल्लीत आरएक्स १०० शिरली की कोणाची आहे ते मी न बघता सांगायचो. वेगाने चालणाऱ्या यंत्राकडे कान लावून बसायची सवय मला या माणसाने लावली, ती आजतागायत सुटलेली नाही.

पडद्यावर गाडी चालवणारे नट पुष्कळ झाले. मॅक्क्वीन खरोखरच चालवायचा. मार्च १९७०मध्ये अमेरिकेतल्या सेब्रिंगच्या १२ तासांच्या शर्यतीत तो पीटर रेव्हसनच्या जोडीने पोर्शे ९०८ घेऊन उतरला. त्याआधी थोडेच दिवस मोटरसायकलच्या शर्यतीत त्याचा डावा पाय मोडला होता. डावा म्हणजे क्लचचा. पायाला प्लास्टर, आणि पॅडलवरून घसरू नये म्हणून तळव्याला सँडपेपर चिकटवलेला. गाडीचं इंजिन ३ लिटरचं, समोर ५ लिटर इंजिनांच्या फेरारी. जास्त वेळ रेव्हसननेच चालवली हे खरं, पण जोडी दुसरी आली. शेवटच्या तासात नामवंत शर्यतपटू मारिओ आंद्रेत्ती संघाच्या दुसऱ्या फेरारीत बसून जिवाच्या आकांताने पळवत सुटला, तेव्हा कुठे अर्ध्या मिनिटापेक्षाही कमी फरकाने ती पुढे गेली. मॉडेलसाठी सँडपेपर घासायला घेतला की मला हे हटकून आठवतं.

त्याच वर्षी जून महिन्यात ले माँच्या खऱ्या शर्यतीत शर्यतपटू जॅकी स्टुअर्टबरोबर ९१७ चालवायचा त्याचा बेत होता. विम्यावाल्यांनी तो हाणून पाडला. मग त्याच्या कंपनीने तीच सेब्रिंगवाली ९०८ कॅमेरे लावून शर्यतीत उतरवली. हर्बर्ट लिंगे आणि जोनाथन विल्यम्स चालवत होते आणि रिळं बदलायला पुन्हा पुन्हा पिटमध्ये येत होते. शर्यत पूर्ण करूनही निकालात तिला जागा मिळाली नाही. चित्रपटात जी खरी शर्यत दिसते, त्यातला बराचसा भाग या गाडीने टिपलेला आहे. उरलेलं चित्रीकरण नंतरच्या महिन्यांत त्याच रस्त्यांवर, खऱ्या गाड्या आणि खरे शर्यतपटू घेऊन झालं. त्याची किंमतही मोठी पडली: शर्यतपटू डेव्हिड पायपरच्या ९१७ला अपघात झाला आणि त्याला पायाचा खालचा भाग गमवावा लागला. या गाड्यांवर बोलताना हे नाव राहून जाऊ नये असं मला वाटतं.

आता रंगाकडे. गाडीवरचे रंग गल्फ या तेल कंपनीचे. तिचा मूळ निळा बराच गडद. हा फिकट निळा आणि नारिंगी त्यांनी विकत घेतलेल्या विल्शायर कंपनीकडून आला. बाजारात ‘गल्फ ब्लू’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांत किमान तीन वेगळ्या छटा सापडतील. माझी छटा मुद्दाम किंचित पांढऱ्याकडे झुकवली आहे. खऱ्या गाडीची नेमकी छटा १७ सेंटिमीटरच्या मॉडेलवर लावली तर ती डोळ्याला गडद भासते, हे माझं ठाम मत आहे. नारिंगी पट्टा डिकलचा (किटमधल्या चिकटवायच्या छापील पट्टीचा) न घेता, बाजूचा भाग टेपने झाकून म्हणजे मास्किंग करून रंगवला. त्याच्या कडेला बारीक गडद रेघ असते, तेवढी डिकलची घेईन.

धूळ-तेलाचा वॉश, म्हणजे मळकट दिसावं म्हणून द्यायचा पातळ रंगाचा हात, कितपत द्यायचा यावर मी बराच विचार केला, आणि त्याचं कारण ९१७चा इतिहास आहे. १९६९ची मूळ गाडी सरळ रस्त्यावरसुद्धा मागून भरकटायची. भले भले चालक तिला टाळत. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ऑस्ट्रियात झेल्टवेगला चाचणी चालू होती. गल्फच्या रंगात गाड्या उतरवणाऱ्या जॉन वायरच्या संघातला इंजिनिअर जॉन हॉर्समन याच्या लक्षात आलं की समोरची काच आणि पुढचा भाग चिलटांनी भरलाय, मागचं शेपूट मात्र स्वच्छ आहे. म्हणजे वारा शेपटापर्यंत पोचतच नव्हता! तिथल्या तिथे ॲल्युमिनिअमचे पत्रे ठोकून शेपूट वर उचललं आणि गाडी ताळ्यावर आली. ९१७ के जन्मली ती अशी. म्हणून माझ्या मॉडेलवर चिलटांचे ठिपके नाकावर, काचेवर आणि शेपटाच्या उचललेल्या कडेवरही असणार. जुन्या टूथब्रशने तपकिरी रंग उडवून टाकाऊ बॉडीवर सराव चालू आहे. ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झाला तरी १/२४मध्ये तो चिमणीएवढा दिसतो.

इंजिन टेबलावर आहे. बारा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, वर आडवा बसवलेला पंखा. किटमधली पंख्याची पाती फारच जाड होती. प्रत्येक पातं मागून ब्लेडने खरवडून कड कागदाइतकी केली. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे चोवीस वायरी. त्यासाठी जुन्या इअरफोनच्या वायरीतले बारीक धागे वापरतोय. आतापर्यंत एका बाजूच्या बसल्या. चिमट्याने धागा धरायचा, सुईच्या टोकावर गोंदाचा थेंब घ्यायचा, श्वास रोखायचा. रात्री घरचे झोपले, पंखा बंद केला, की हे काम जमतं.

अजून एक बारकावा घालायचा आहे. ९१७ची फ्रेम ॲल्युमिनिअमच्या नळ्यांची. काही गाड्यांत त्या नळ्यांत दाबाखाली वायू भरलेला असायचा आणि चालकासमोर दाबाचा काटा. काटा खाली आला की समजायचं, कुठेतरी जोड तडकलाय. चालकाचे पाय पुढच्या आसाच्याही पुढे, अंगाभोवती या नळ्या, आणि ले माँच्या मार्गावरच्या मुल्सान या लांब सरळ रस्त्यावर ताशी ३००च्या वर वेग. मॅक्क्वीनच्या डोळ्यांवर कॅमेरा का खिळून राहतो, ते मला ही फ्रेम जोडताना नीट उमगलं. तो काटा डॅशबोर्डवर पंच केलेल्या चकतीचा करणार आहे. गिअरच्या दांड्याची मूठ खऱ्या गाडीत वजन वाचवायला बाल्सा लाकडाची होती, तेव्हा तीही लाकडाचीच कोरतोय.

पुढच्या नोंदीत उरलेल्या बारा वायरी, २० नंबरच्या पांढऱ्या चकत्या आणि क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर. क्लिअरसाठी मात्र पाऊस उघडायची वाट बघेन. शेपटाचं झाकण चिकटवणार नाही. इंजिन उघडून दाखवता आलं पाहिजे. कोणी याच किटचं मागचं झाकण बिजागरीवर बसवलं असेल तर पितळेची नळी किती जाडीची वापरली ते जरूर सांगा. माझ्याकडची ०.८ मिलिमीटरची जाड वाटतेय.