पोलिसांविरुद्ध काही तक्रार?

आरोपीला हजर केलं की मॅजिस्ट्रेटसाहेब विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" उत्तर ठरलेलं: "नाही साहेब." तशी नोंद होते आणि पुढचा पुकारा होतो. त्या वेळी आरोपीचा हात धरून उभा असतो तो त्याच पोलीस ठाण्याचा हवालदार. कोठडी वाढली तर आज रात्रीही गाठ त्याच्याशीच.

मी विधी सेवेतर्फे रिमांडला उभी राहते. वकीलपत्रावर सही घेताना आधी पेन कसं धरतोय ते बघते, मग चाल. टाच टेकवत नसेल तर समजायचं. तळपायावरचा मार चप्पल काढल्याशिवाय दिसत नाही, आणि मेडिकलच्या कागदावर तर बहुधा काहीच नसतं. मग विनंती करते, साहेब, पोलिसांना जरा बाहेर थांबू द्या. काही साहेब ऐकतात, काही घड्याळ बघतात.

खरं तर हा प्रश्न विचारणं ही काही मेहेरबानी नव्हे. पत्रकार शीला बर्से मुंबईच्या तुरुंगात पंधरा बायकांना भेटल्या. पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं त्यातल्या पाच जणींनी सांगितलं. बर्सेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि १९८३ साली निकाल आला: मॅजिस्ट्रेटनं छळाबद्दल विचारलंच पाहिजे, बायकांच्या कोठडीवर महिला पोलीस हव्यात, आणि मुंबईतल्या कोठड्यांना न्यायाधीशांनी न सांगता भेट द्यावी. यातलं 'न सांगता' फार मोलाचं. सांगून आलं की आदल्या दिवशी फरशी धुतली जाते.

एमसीआर झाला, म्हणजे पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडीत, तुरुंगात रवानगी झाली, की नातेवाईक म्हणतात, सुटला बाबा मारातून. मला मुंबईतला भायखळ्याचा महिला तुरुंग आठवतो. जून २०१७, मंजुळा शेट्ये. जन्मठेपेची कैदी, चांगल्या वागणुकीमुळे वॉर्डर, म्हणजे इतर कैद्यांवर देखरेख करणारी, झालेली. सकाळच्या शिध्यात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले, तिनं तोंड उघडलं. त्यावरून तिला मारहाण झाली, त्यात ती गेली. सहा जेल कर्मचाऱ्यांना अटक झाली, हे खरं. पण त्याआधी, तिच्यासाठी आरडाओरडा करणाऱ्या दोनशेच्या आसपास कैदी बायकांवर दंगलीचा गुन्हा दाखल झाला होता.

म्हणून न्यायालयीन कोठडीतला अशील मारहाणीची तक्रार करायला तयार झाला, तर त्याच अर्जात दुसरं कारागृह मागते. पदरात बहुतेकदा एक ओळ पडते: 'अधीक्षकांनी योग्य ती काळजी घ्यावी.'